माफ नको

गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळा जॅमर लावलेला होता. बाबा माझ्या पुढे चालत होते, हातात मिक्सरचा खोका. त्यांनी खोका जमिनीवर ठेवला, वाकून जॅमरचं कुलूप पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे कोणी लावलं?"

खांबाच्या मागून एक माणूस आला. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, छातीवर 'गांगुर्डे' अशी पट्टी.

"गाडी तुमची का? हजार रुपये दंड आहे." त्याने भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. "अपंगांसाठी राखीव जागा आहे ही."

"बोर्ड वाचलाय मी," मी म्हणाले.

"वाचून लावली गाडी?"

"वाचूनच लावली."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. सलवार-कमीज, पायात बंद बूट, खांद्याला पर्स. मग तो बाबांकडे वळला. "कोण अपंग आहे? काका, तुम्ही का?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "कोणी नाही हो. चुकून लागली गाडी. हजार म्हणालात ना?" आणि त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

माझा डावा पाय मांडीच्या मध्यापासून नाही. अकराव्या वर्षी हाडात गाठ निघाली आणि मुंबईला नेऊन तो काढावा लागला. तेव्हापासून मी कृत्रिम पाय लावून चालते, आणि इतकी सरळ चालते की न सांगता कोणाला कळत नाही. त्या दिवशी मात्र मॉलमधल्या तीन मजल्यांवर फिरून पायाच्या साच्याने मांडीला काचलं होतं, आत घामाने आग होत होती. तळघरातल्या पार्किंगमधून वर येणारी लिफ्ट बंद होती, म्हणून तर मी गाडी दारापाशी त्या जागेवर लावली होती. आणि बाबा माझ्या शेजारी उभे राहून सांगत होते, कोणी नाही.

"बाबा, पाकीट आत ठेवा," मी म्हणाले.

"अगं, हजार रुपयांचा तर प्रश्न आहे. भरू आणि जाऊ."

"पावती देतो की," गांगुर्डे म्हणाला. "बिनपावतीचं काम नाही आपल्याकडे."

"मला पावती नको. या दंडावर तक्रार कुठे करायची?"

त्याला हे अपेक्षित नसावं. त्याने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "तक्रार ऑफिसात. पण आज शनिवार, ऑफिस बंद झालं. सोमवारी या. साहेबांनी दंड उठवला तर गाडी सुटेल. तोपर्यंत गाडी इथेच राहणार."

"पोलिसांना बोलावलं तर?"

"बोलवा ना. ही खासगी जागा आहे मॅडम. ते म्हणतील, तुमचं तुम्ही बघा." मग जरा खालच्या आवाजात तो म्हणाला, "उगाच कशाला वाढवताय? अपंगांच्या जागेत रोज कोणी ना कोणी लावतं आणि भरून जातं. तुम्ही तर चांगल्या चालत आलात."

"सोमवारी येते," मी म्हणाले आणि मिक्सरचा खोका उचलला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. रस्त्यावर येऊन आम्ही रिक्षा केली.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. आम्ही मूळचे येवल्याचे. माझं ऑपरेशन झाल्यावर गल्लीतली मुलं माझ्या मागे एका पायावर उड्या मारत यायची. वर्षभरात बाबांनी तिथलं घर आणि दुकान विकलं आणि जिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं अशा ठिकाणी, नाशिकला, सगळं नव्याने मांडलं. इथे आल्यावर माझ्या पायाबद्दल आई, बाबा, मी, डॉक्टर आणि पाय बनवणारे गृहस्थ, एवढ्यांनाच माहीत होतं. माझे कपडे बाबाच शिवायचे. सलवारीचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित सैल, तेही शिवण नीट पाहिली तरच लक्षात येईल इतकाच. कॉलेजात मी गुडघ्याचा त्रास आहे असं सांगून ठेवलं होतं. डाव्या पायाने क्लच दाबता येत नाही म्हणून कर्ज काढून ऑटोमॅटिक गाडी घेतली, तेव्हा काचेवर लावायला व्हीलचेअरच्या चित्राचं स्टिकरही आणलं होतं. बाबा म्हणाले, कॉलनीतले दहा जण विचारतील. ते स्टिकर लावलं गेलं नाही.

घरी पोहोचल्यावर मी पाय काढला. मांडीवर लालभडक वळ उठले होते, एका ठिकाणी कातडी सोलली होती. आईने कोमट पाण्यात फडकं भिजवून आणलं आणि माझ्याजवळ पलंगावर बसली. बाबा दारातच उभे राहिले.

"सोमवारी मी जाऊन भरून येतो," ते म्हणाले. "तू कॉलेजला जा."

"तुम्ही भरले तर मी लबाडी केली असा अर्थ होतो."

"त्यांना काय अर्थ लावायचा तो लावू दे. आपल्याला माहितीये ना."

"त्यांनाही माहीत असायला हवं. जागा माझीच होती, बाबा. त्या सगळ्या मॉलमध्ये तेवढी एकच जागा माझ्यासाठी होती."

"आणि सोमवारी काय करशील? चार माणसांसमोर पाय दाखवशील? उद्या त्यातला एखादा तुझ्या वर्गातल्या पोराचा बाप निघाला तर?"

"तर त्याला कळेल."

"आणि मग गावभर होईल. इतकी वर्षं आपण कशासाठी..."

आईने फडकं पिळलं. "पाय तिचा गेलाय," ती म्हणाली. "तिला ठरवू द्या."

आई बाबांसमोर अशी फारशी बोलायची नाही. बाबा आत गेले. रविवारी दुकानाला सुट्टी असते, तरी दिवसभर ते दुकानात जाऊन बसले. जेवायला आले तेव्हा ताटाकडे बघून जेवले.

सोमवारी सकाळी मी सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र पर्समध्ये ठेवलं. जखमेवर पट्टी लावून पाय चढवला. प्रत्येक पावलाला चरचरत होतं. बाहेर आले तर बाबा चपला घालून फाटकाशी उभे.

"मी येतो," ते म्हणाले. "मध्ये काही बोलणार नाही."

मॉलचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. व्यवस्थापकांचं नाव लोहोकरे. माझ्याच वयाचे असतील. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. गांगुर्डे दारापाशी येऊन उभा राहिला. मी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. लोहोकऱ्यांनी ते वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली, उजेडात धरून शिक्का पाहिला.

"मॅडम, गैरसमज करून घेऊ नका," ते म्हणाले. "तुमच्या गाडीवर स्टिकर नव्हतं. आमच्या माणसाला कळणार कसं?"

"त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. जॅमर लावल्यावर विचारलं त्याने."

"विचारलं तेव्हा तुमच्या वडिलांनी कोणीच अपंग नाही असं सांगितलं. गांगुर्डेने तसं लिहून दिलंय. आणि कॅमेऱ्यात मी स्वतः पाहिलं, तुम्ही व्यवस्थित चालताय." ते ओशाळल्यासारखं हसले. "आमच्याकडे काय काय येतं तुम्हाला कल्पना नाही. मागच्या महिन्यात एकाने आजीच्या नावाचं प्रमाणपत्र आणलं होतं, आजी वारून दोन वर्षं झालेली."

"यावर माझा फोटो आहे."

"आहे. पण लहानपणीचा आहे." ते खुर्चीत पुढे सरकले. "एक सुचवू का? आमच्या लेडी गार्डला बोलावतो. शेजारच्या खोलीत फक्त तिला एकदा दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे. तिने हो म्हटलं की विषय संपला."

शनिवारपासून मी याचीच तयारी करत होते. पाय दाखवायचा आणि मोकळं व्हायचं, असं ठरवूनच घरातून निघाले होते. पण 'दाखवा' हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला, की आतून काहीतरी आडवं आलं.

"नाही दाखवणार," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरांनी तपासून दिलंय. तुम्हाला खोटं वाटत असेल तर सिव्हिलला फोन करून यावरचा नंबर सांगा. तुमच्या गार्डला मी पाय दाखवणार नाही."

"मॅडम, फॉर्मॅलिटी आहे फक्त."

"तिकडे साध्या जागेवर जे गाड्या लावतात, त्यांना तुम्ही दोन्ही पाय दाखवायला सांगता का?"

लोहोकऱ्यांनी प्रमाणपत्र पुन्हा उचललं. गांगुर्डेने खाली पाहिलं. बाबांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ते उभे राहिले होते. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले होते, कापड बेतताना ठेवायचे तसे.

"साहेब, मी शिंपी आहे," ते म्हणाले. "माझ्या मुलीला डावा पाय नाही. अकरा वर्षांची होती तेव्हा काढला. शनिवारी तुमच्या माणसाने मला विचारलं आणि मी कोणी नाही म्हणालो. ते मी खोटं बोललो. ते तुमच्या कागदावर आधी दुरुस्त करा."

"काका, बसा ना तुम्ही."

"बसतो. ऐकून घ्या. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सही माझी घेतली. शुद्धीवर आल्यावर तिने मला विचारलं, बाबा, माझा पाय कुठे आहे? मी तिला सांगितलं, तू बोलू नकोस, कोणाला कळणार नाही. त्या दिवसापासून मी एवढंच केलं. कोणाला कळू दिलं नाही. तिच्या तोंडून एकदाही तक्रार आली नाही, म्हणून मला वाटलं तिलाही तेच हवंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तिला डावा पाय नाही. आणखी कोणाला सांगायचं असेल तर बोलवा, त्यांनाही सांगतो."

बाबांनी हे शब्द माझ्यासमोर त्याआधी कधीच उच्चारले नव्हते. घरातसुद्धा आम्ही 'ते' म्हणायचो. ते दुखतंय का, ते काढलंस का.

लोहोकरे उठले आणि स्वतः बाबांना खुर्ची धरून बसवलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "सॉरी काका. मॅडम, खरंच सॉरी. आम्हाला आधी माहीत असतं तर प्रश्नच नव्हता. दिव्यांग व्यक्तींबद्दल आमच्या कंपनीला फार आदर आहे." त्यांनी संगणकावर काहीतरी टाइप केलं, कागद छापून आला, त्यावर सही केली आणि माझ्यापुढे सरकवला. "गांगुर्डे, जॅमर काढायला सांग."

मी कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं की ग्राहकाची शारीरिक अवस्था पाहता, माणुसकीच्या दृष्टीने, आकारलेला दंड माफ करण्यात येत आहे.

"माफ नको," मी म्हणाले.

"काय?"

"माफ चूक करतात. माझी चूक नव्हती. रद्द लिहा. चुकीने लावलेला दंड रद्द केला, असं लिहा. आणि माणुसकी काढून टाका."

"मॅडम, पैसे तर भरायचे नाहीयेत तुम्हाला. शब्दाने काय फरक पडतो?"

"काही पडत नसेल तर बदला."

त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. "हे बघा, सिस्टीममध्ये दोनच पर्याय आहेत. दंड कायम किंवा दंड माफ. रद्द करायचं तर आमच्या पुण्याच्या ऑफिसातून करावं लागतं. त्यांचा माणूस जागेवर कधी असेल सांगता येत नाही."

"आम्ही बसतो," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. तेही खुर्चीत जरा सावरून बसले.

आम्ही बसून राहिलो. लोहोकऱ्यांनी पुण्याला फोन लावला, तिकडून दुसऱ्या कोणाचा नंबर मिळाला, तो उचलला गेला नाही. मध्ये चहा आला. बाबांनी बशीत ओतून प्यायला, मी घेतला नाही. माझा दुसरा तास चुकणार हे दिसायला लागलं. मी आमचे विभागप्रमुख पाटणकर सर यांना फोन केला. नेहमी मी म्हणायचे, सर, गुडघा फार दुखतोय. तोंडात तेच वाक्य आलं होतं.

"सर, मला यायला उशीर होईल," मी म्हणाले. "मी एका मॉलच्या ऑफिसात बसले आहे. मी अपंगांच्या जागेवर गाडी लावली म्हणून यांनी दंड केलाय, तो रद्द करून घ्यायचाय."

"पण तुम्ही तिथे का लावलीत गाडी?" सरांनी विचारलं.

"मला डावा पाय नाही, सर. कृत्रिम पाय आहे. गुडघ्याचं मी उगाच सांगत होते."

सर म्हणाले, "तुमचा तास मी घेतो. रद्द करूनच या."

मी फोन पर्समध्ये ठेवला. त्या खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. गांगुर्डेनेसुद्धा. काहीही झालं नाही. पंखा फिरत होता, खाली कुठेतरी गाण्याचा आवाज येत होता. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. कॉलेजात पुढे काहींनी विचारलं, काहींनी विचारायचं टाळलं, एक-दोघांनी नको इतकी दया दाखवली आणि माझ्याकडून ऐकून घेतलं. पण त्या फोनपेक्षा अवघड असं मला पुन्हा काही बोलावं लागलं नाही.

दुपारी पुण्याचा माणूस सापडला. लोहोकरे त्याच्याशी बोलताना एकदा चिडले. "अहो, तुम्ही समजून घ्या, त्या बरोबर बोलताहेत," असं त्यांना म्हणताना मी ऐकलं. थोड्या वेळाने नवा कागद आला. दंड चुकीने आकारण्यात आला होता, तो रद्द करण्यात येत आहे. एवढंच. मी दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

"तळघरातली लिफ्ट कधीपासून बंद आहे?" मी उठता उठता विचारलं.

लोहोकऱ्यांनी गांगुर्डेकडे पाहिलं.

"दिवाळीपासून, साहेब," गांगुर्डे म्हणाला.

"तीही तक्रार मी लिहून पाठवणार आहे," मी म्हणाले. लोहोकरे नुसते हो म्हणाले.

गांगुर्डे आमच्याबरोबर खाली आला. त्याने कुलूप उघडलं, जॅमर ओढून बाजूला केला. मी गाडीत बसताना तो दाराशी घुटमळला. "मॅडम, तुम्ही चांगल्या चालता म्हणून मला..." तो म्हणाला. बाबा म्हणाले, "असू दे. माझंच ऐकून लिहिलंत तुम्ही."

आम्ही निघालो. बाहेर पडायच्या फाटकाशी आडवा दांडा होता आणि शेजारच्या काचेच्या खोलीत एक मुलगी बसली होती. मी शनिवारचं पार्किंगचं तिकीट तिला दिलं. तिने ते यंत्रात घातलं आणि पडदा पाहून डोळे मोठे केले.

"मॅडम, सहाशे चाळीस रुपये."

"कसले?"

"शनिवार दुपारपासून गाडी आत आहे ना. तासाचे दर लागतात."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी एकदम थकवाही आला. मांडी ठणकत होती. घरी जाऊन पाय काढावा, पडून राहावं, बाकी काही नको. माझा हात पर्सकडे गेला. सहाशे चाळीस दिले की दांडा वर जाणार होता.

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग ते माझ्यासमोरून खिडकीकडे वाकले.

"ताई," ते त्या मुलीला शांतपणे म्हणाले, "गाडी आम्ही ठेवली नव्हती. तुम्ही ठेवून घेतली होती. ते आम्ही भरणार नाही."

"काका, पण सिस्टीममध्ये दाखवतंय."

"सिस्टीम चौथ्या मजल्यावर आहे. लोहोकरे साहेबांना फोन लावा. त्यांना सांगा, खाली शिंपी थांबलाय, त्याच्या मुलीला डावा पाय नाही. ते ओळखतील."

मुलगी फोन शोधू लागली. मागे दोन-तीन गाड्या येऊन लागल्या होत्या, त्यातल्या एकीने हॉर्न दिला, मग दुसरीने. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी आपली सीट जरा मागे घेतली, पाय लांब केले.

"हेमा, इंजिन बंद कर," ते म्हणाले. "पेट्रोल जळतंय."

मी किल्ली फिरवली.